असूर्यंपश्या : ड जीवनसत्त्व, वात आणि माजघर

संस्कृत व्याकरणात ‘असूर्यंपश्य’ या शब्दासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे, आणि वृत्तिकारांनी त्याला जे उदाहरण दिले ते राजस्त्रियांचे आहे : ज्यांच्या दृष्टीस सूर्यही पडत नाही अशा राजस्त्रिया. शब्दाची घडण मोठी चमत्कारिक आहे. यातला ‘अ’ चिकटला आहे सूर्याला, पण नाकारायचे आहे ते पाहणे. म्हणून वैयाकरण याला असमर्थ समास म्हणतात. पंडिती काव्य शिकवताना हा शब्द ओघाने आला की आम्ही वर्षानुवर्षे ‘पडदानशीन’ असा त्याचा अर्थ फळ्यावर लिहीत आलो. अंतःपुराचे वैभव, कुलीनतेची कल्पना वगैरेंवर दोन वाक्ये सांगायची आणि तास पुढे न्यायचा. ज्या बाईला सूर्य दिसत नाही तिच्या हाडांचे काय होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी कधी विचारला नाही आणि आम्हांलाही कधी पडला नाही.

तो पडला घरच्या आजारपणामुळे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक पेणला, एक रोह्याला. मधे नागोठणे धरून एस.टी.चा तास-सव्वातासाचा प्रवास. आमच्यापैकी एकाच्या आईला काही वर्षांपूर्वी हातांच्या बोटांचे दुखणे सुरू झाले. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. पहिला चहा होऊन, आंघोळीचे पाणी तापून, दूधवाला येऊन गेल्यावर कुठे बोटे मोकळी होत. रक्त तपासले गेले, ड जीवनसत्त्वाचा आकडा फार खाली आला, आणि आठवड्यातून एकदा दुधात घालून घ्यायची साठ हजार युनिटांची पुडी सुरू झाली. निदान खोटे नव्हते. ड जीवनसत्त्व खरोखरच कमी होते. पण त्या खऱ्या निदानाच्या आड दुसरे खरे निदान सव्वा वर्ष लपून राहिले. पुढे पुण्याच्या संधिवाततज्ज्ञाने हात हातात घेऊन, बोटांची पेरे दाबून पाहिली आणि ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणजे आमवात असल्याचे सांगितले. तोवर उजव्या हाताची बोटे करंगळीच्या दिशेने कलली होती. आता ती सरळ होणार नाहीत.

यात दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी हा लेख नाही. एक अभाव दुसऱ्या व्याधीचा पडदा कसा होतो, याचे आम्हांला कुतूहल वाटले, आणि आमचा धंदा शब्दांचा असल्यामुळे आम्ही शब्दांपासून सुरुवात केली.

मराठीत ‘वात’ हा फार मोठा कोनाडा आहे. त्यात काहीही ठेवता येते. गुडघे झिजले की वात, कंबर धरली की वात, बोटे सुजली की वात. शास्त्रकारांनी मात्र भेद केले होते. चरकसंहितेत वातरक्ताचा स्वतंत्र विचार आहे. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. आज मराठी डॉक्टर ‘आमवात’ हा शब्द ऱ्हुमॅटॉइडसाठी आणि ‘संधिवात’ हा बहुधा झिजेच्या दुखण्यासाठी वापरतात. पण माजघरात हे भेद पोहोचत नाहीत. तिथे सगळा वातच. दुसऱ्या बाजूला ‘मुडदूस’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातल्या तक्त्यामुळे सर्वांना पाठ असतो : जीवनसत्त्व ड, अभावाने होणारा रोग मुडदूस, स्रोत सूर्यप्रकाश. आता गंमत अशी (खरे तर गंमत नव्हे) की मुडदूस हा वाढत्या मुलांचा रोग. वाढ पूर्ण झालेल्या माणसाला तोच अभाव जडला तर हाडे वाकत नाहीत, ती आतून मऊ पडतात. मांड्या, बरगड्या, कटिभाग ठणकतो. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. चाल बदकासारखी डुलती होते. या रोगाला कोशात ‘अस्थिमृदुता’ असा प्रतिशब्द सापडतो, पण तो बोलीतला नव्हे. घरात, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर रुळलेला शब्द आम्ही कधी ऐकलेला नाही. ज्या दुखण्याला शब्द नाही ते शेजारच्या शब्दाकडे आश्रयाला जाते. प्रौढ बायकांचे हे दुखणे ‘वाता’कडे गेले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. एकेकाळी ड जीवनसत्त्वाचा अभाव वाताच्या नावाखाली लपला. आज वात ड जीवनसत्त्वाच्या नावाखाली लपतो. दोन्ही वेळा ज्या गोष्टीची चौकशी व्हायला हवी होती, म्हणजे ही बाई दिवसभर असते कुठे, तिची चौकशी झाली नाही. आणि ही चौकशी एकदा, शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच महाराष्ट्रात झाली होती, याची आपल्याला आठवण राहिलेली नाही.

त्या चौकशीकडे येण्यापूर्वी युरोपातला धागा हाती घ्यावा लागतो. तिकडे मुडदुसावर लिहिणे सतराव्या शतकातच सुरू झाले. १६४५ साली डॅनियल व्हिसलर याने लायडन विद्यापीठात त्यावर प्रबंध सादर केला आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसनचा लॅटिन ग्रंथ आला. पुढे धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत हा रोग इतका बोकाळला की त्याला ‘इंग्रजी रोग’ असेच नाव पडले. १८२२ साली पोलंडमधील श्न्याडेत्स्की या वैद्याने वॉर्सा शहरातली मुले आणि खेड्यातली मुले यांच्यातला फरक पाहून ऊन हाच उपाय म्हणून सांगितला. कोणी फारसे ऐकले नाही. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम याने अधिक पद्धतशीर काम केले. तो जपानात वैद्यकीय मिशनरी होता. तिथे त्याला मुडदूस दिसला नव्हता, मायदेशी परतल्यावर मात्र गल्लोगल्ली दिसू लागला. त्याने ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि निष्कर्ष काढला की जिथे ऊन भरपूर तिथे हा रोग नाही. हिंदुस्थान अर्थातच उन्हाच्या बाजूला पडला.

पहिल्या महायुद्धानंतर दोन तट पडले. एका बाजूला आहारवादी : १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी याने कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे दाखवले. दुसऱ्या बाजूला प्रकाशवादी : त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश देऊन मुले बरी केली. एकाच रोगाला दोन कारणे आणि दोन उपाय, हे कोडे उलगडायला काही वर्षे लागली. तेलातले द्रव्य आणि उन्हाने त्वचेत तयार होणारे द्रव्य एकच, हे पुढे सिद्ध झाले. १९२२ साली एल्मर मॅकॉलम याने तेलातले ते द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून निराळे असल्याचे दाखवले आणि वर्णमालेतले पुढचे रिकामे अक्षर त्याला मिळाले. हे नाव आपण इतके गिरवले आहे की त्यातली अडचण जाणवत नाही. जे शरीर स्वतःच त्वचेत तयार करते आणि यकृत व मूत्रपिंडात ज्याचे कार्यक्षम रूप बनते, ते खरे पाहता संप्रेरक होय. ‘जीवनसत्त्व’ या शब्दामुळे आपली नजर उगीचच ताटाकडे जाते, अंगणाकडे जात नाही.

आणि नेमक्या त्याच १९२२ साली एका इंग्रजी वैद्यकीय त्रैमासिकात मुडदुसाच्या कारणांवर एक दीर्घ लेख आला. लेखक दोन, हचिसन आणि शाह. पाहणीचे स्थळ, नाशिक.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन स्थळाचे नाव तपासले. नाशिक! वर्षातले आठ महिने ज्या गावावर ऊन नुसते ओतलेले असते ते नाशिक. पामच्या हिशेबाने इथे मुडदूस असायलाच नको होता. हचिसन आणि शाह यांना तो आढळला. पण कुठे आढळला आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखे आहे. गरीब कष्टकऱ्यांच्या घरांत, जिथे खायला पुरेसे नव्हते, दूध-तूप तर दूरच, तिथली मुले बरीचशी या रोगापासून वाचली होती. सुखवस्तू मुसलमान आणि उच्चवर्गीय हिंदू कुटुंबांत, जिथे खाण्यापिण्याची ददात नव्हती, तिथे मुलांत मुडदूस होता आणि वयात आलेल्या मुलींत व बायकांत त्याचेच मोठे रूप होते. या घरांतल्या बायका पडद्यात होत्या; तान्ही मुले अर्थातच आयांजवळ, आतल्या खोल्यांत. गरीब घरची बाई शेतावर किंवा मजुरीला जाताना मूल पाठीशी बांधून किंवा बांधावर ठेवून जात होती.

म्हणजे आहारवाद्यांचा सरळ हिशेब इथे उलटा पडला होता. त्याचबरोबर प्रकाशवाद्यांचा भूगोलही उलटा पडला होता, आणि आमच्या मते या पाहणीचे मोल त्यात अधिक आहे. सूर्य आकाशात किती आहे हे नकाशावरून कळते. तो अंगावर किती पडतो हे घराच्या रचनेवरून, लग्नाच्या वयावरून, जातीच्या आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांवरून ठरते. अक्षांशाच्या जागी उंबरठा मोजावा लागतो. पुढे १९२८ साली कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईंनी काश्मीरमधील अनुभवावरून पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. कटिभागाची हाडे मऊ होऊन दबल्यामुळे अडलेली बाळंतपणे त्यांनी पाहिली होती. १९३० च्या आसपास डॅगमार विल्सन यांनी पंजाबात आणि कांगड्याच्या खोऱ्यात याच विषयावर काम केले. कित्येक दशकांनी, १९६२ साली, ग्लासगोमधील पाकिस्तानी वस्तीत हाच रोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तोवर युरोपातले सामान्य डॉक्टर तो विसरून गेले होते, आणि स्थलांतरित बायकांच्या हाडदुखीला संधिवात किंवा मनाचे खेळ समजून वाटेला लावणे त्यांना सोपे जात होते.

‘महाराष्ट्रात पडदा नव्हता’ असे आपण अभिमानाने सांगतो. उत्तरेशी तुलना केली तर ते बरेचसे खरेही आहे. कोकणातली बाई विहिरीवर गेली, ओढ्यावर धुणे घेऊन गेली, शेतात चिखलात उभी राहिली. पण पडदा म्हणजे केवळ बुरखा किंवा चिक नव्हे. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांकडे आपण समाजसुधारणेचे, विवाहाचे, शिक्षणाचे दस्तऐवज म्हणून पाहतो. ती एकदा ‘अंगावर ऊन किती पडले’ या दृष्टीनेही वाचून पाहावीत. नाशिकजवळच्या जलालपूरला वाढलेल्या आणि १९३६ साली नाशकातच निधन पावलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घर कसे जखडले गेले होते याचे चित्र आहे. हे घर हचिसन-शाह यांच्या पाहणीच्या कितीतरी आधीचे आणि त्यांच्या पाहणीशी त्याचा संबंध नाही. पण घर बंद होण्याच्या किती तऱ्हा असतात, हे त्यावरून समजते. याच्या अगदी उलट टोकाला पंडिता रमाबाई : आईवडिलांबरोबर बालपणापासून देशभर पायी हिंडलेल्या. त्या वणवणीत उपासमार होती, आणि उपासमारीनेच त्यांचे आईवडील गेले. ऊन मिळाले म्हणून त्या आयुष्याचा गौरव करण्याचा दुष्टपणा आम्ही करणार नाही.

सर्वांत विचार करायला लावणारे पुस्तक मात्र बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलेले आणि १९८६ साली पुस्तकरूप झालेले हे आत्मकथन. त्यात त्या सांगतात की वडिलांनी आईला घरात अक्षरशः कोंडून ठेवले होते, आणि बाईला उंबऱ्याच्या आत ठेवणे ही त्या वस्तीतल्याही काही घरांची प्रतिष्ठा होती. आम्ही हे पुस्तक अनेकदा शिकवले. जात आणि पितृसत्ता यांच्या गाठीचे उदाहरण म्हणून हा भाग हमखास सांगितला. परंतु नाशिकची पाहणी वाचल्यानंतर त्या कोंडण्याला एक शारीर बाजू दिसू लागली. वरच्यांची सावली खालच्यांनी प्रतिष्ठा म्हणून उसनी घेतली, तेव्हा वरच्यांचे दूध-तूप मात्र त्या सावलीबरोबर आले नाही. खानदानी घरातल्या बाईला निदान ताटातून थोडे कॅल्शियम मिळत असेल. इथे तेही नाही. आत्मकथनात हाडांचा उल्लेख शोधत बसावे असे आम्ही म्हणत नाही. साहित्याला वैद्यकाची पुरवणी करणे आम्हांला रुचत नाही. पण ‘कोंडून ठेवले’ हे क्रियापद आपण फार लवकर रूपक करून टाकतो.

याच काळात महाराष्ट्रात सूर्याचे एक निराळेच प्रस्थ वाढत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, शाळांतून ते सुरू केले. १९३८ साली त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. त्यांनी बायका-मुलींना यातून वगळले नाही, हे आवर्जून नोंदवायला हवे. मात्र एक बारकावा राहतो. आपल्या परंपरेने गौरवलेले ऊन सकाळचे, कोवळे. आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण, म्हणजे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचे, सकाळच्या तिरप्या उन्हात वातावरणातच बहुतांशी गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते किरण पुरेसे पोहोचू लागले असे ढोबळपणे समजावे. म्हणजे ज्या उन्हाला आपण ‘रणरणते’, ‘भाजून काढणारे’ म्हणून टाळतो तेच कामाचे. काचेच्या खिडकीतून आलेले ऊन तर केवळ उबेपुरते. वर्ण सावळा असेल तर त्वचेला वेळही जास्त लागतो.

आता आमच्या पेण-रोह्याकडे येतो. साडेअठरा अंशांच्या आसपासचे अक्षांश, समुद्राची खाडी जवळ, मिठागरे, भातखाचरे. नकाशा पाहिला तर इथे कोणाला ऊन कमी पडावे असे काहीच नाही. पेणचे पापड प्रसिद्ध आहेत. पोहे आणि मिरगुंडेही. पापडांचे दिवस आले की गच्चीवर, अंगणात, धोतरांवर आणि जुन्या साड्यांवर पापड वाळत पडलेले दिसतात. पापड उन्हात असतो आणि पापड लाटणारी सावलीत. पीठ वाळू नये म्हणून वारा आणि ऊन दोन्ही चुकवून ती आतल्या खोलीत पोळपाट घेऊन बसते. जी वस्तू विकायची आहे तिला दोन-दोन दिवस ऊन दाखवले जाते. दुसरे उदाहरण गणपतीच्या कारखान्यांचे. पेणच्या मूर्ती देशोदेशी जातात. रंगकामाच्या दिवसांत कारखान्यांतून कितीतरी बायका दिवसभर छपराखाली बसून हाताला काम देत असतात, आणि कामाची ही घाई नेमकी पावसाळ्यात, म्हणजे आधीच जेव्हा आकाश चार महिने झाकलेले असते तेव्हा. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या, दिव्याच्या गाडीसाठी पहाटे घर सोडणारे नोकरदार, उन्हाने काळे पडू नये म्हणून डोळ्यांपुरती फट ठेवून ओढणी गुंडाळणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी, ही सगळी आजची माजघरे. वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा अंगण आणि परसू ही दोन्ही ठिकाणे घराच्या आराखड्यातून गेली, आणि बाईला कोणाची परवानगी न घेता उन्हात जाता येईल अशा याच दोन जागा होत्या.

पण मग मिठागरात उभी असणारी आगरी बाई, बाजारात उघड्यावर बसणारी कोळीण, वीटभट्टीवरची कातकरी बाई? या बायकांना ऊन कमी नाही. इथे नाशिकच्या पाहणीला पुरवणी जोडावी लागते. तिरुपती येथे डॉ. हरिनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, दिवसभर शेतात राबणाऱ्या लोकांचे ड जीवनसत्त्व शहरी लोकांपेक्षा बरे आढळले, पण आहारातले कॅल्शियम फारच तोकडे निघाले. ऊन हे कॅल्शियम आतड्यातून शोषून घेण्याची सोय करते. शोषायलाच काही नसेल तर सोय कोरडी राहते. म्हणून कोकणच्या जुन्या ताटाची आठवण होते. नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. जवळा आणि लहान सुकी मासळी काट्यांसकट खाल्ली जाते. तारली, बांगडा या तेलकट माशांत थोडेफार ड जीवनसत्त्वही असते. नाचणीची जागा रेशनच्या तांदळाने आणि गव्हाने घेतली, बांगड्याचा भाव कातकऱ्याच्या हाताबाहेर गेला. शाकाहारी घरांचा तर प्रश्नच निराळा. त्यांच्या ताटात या द्रव्याचा स्रोत जवळजवळ नाहीच, त्यांना ऊन हाच आधार.

या सगळ्याचा संधिवाताशी, म्हणजे खऱ्या दाहक वाताशी, संबंध काय? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वाताची पद्धतशीर मोजदाद पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झाली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या पद्धतीनुसार, घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना दुखण्याविषयी विचारले. सुमारे अठरा टक्के लोकांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. म्हणजे ज्याला आपण सरसकट वात म्हणतो त्याचा फार थोडा भाग हा आमवात. आणि हा थोडा भाग वेळेवर ओळखला नाही तर सांधे कायमचे बिघडतात. हात न दाबता, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे न विचारता, नुसत्या रक्ताच्या अहवालावर भागवले तर तो निसटतो. आमच्या घरी निसटला.

दुसरीकडे, १९८३ साली माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर ड जीवनसत्त्वाचे ग्राहक सापडल्यापासून हे द्रव्य हाडांपुरते नाही हे कळले. आमवाताच्या, ल्युपसच्या रुग्णांत त्याचे प्रमाण कमी आढळते, हेही अनेक ठिकाणी दिसले. पण कमी म्हणून आजार, की आजारी म्हणून कमी? दाहामुळेच रक्तातली पातळी उतरते. दुखणाऱ्या गुडघ्यांचा माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणूनही ती उतरते. ल्युपसच्या रुग्णाला तर उन्हाने आजार बळावतो म्हणून डॉक्टरच सावलीत राहायला सांगतात; औषधोपचाराने झालेली असूर्यंपश्या ती. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, म्हणून अशा रुग्णांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देणे रास्तच आहे. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक माणसांवर केलेल्या ‘व्हायटल’ या चाचणीचे २०२२ मधले निष्कर्ष असे, की पाच वर्षे रोज दोन हजार युनिटे घेणाऱ्यांत स्वप्रतिकारक आजार सुमारे बावीस टक्क्यांनी कमी उद्भवले. हे उद्भवण्याविषयी आहे. उद्भवलेला आमवात पुडीने बरा होतो असा त्याचा अर्थ नाही, आणि आमवाताच्या मुख्य औषधांची जागा पुडी घेऊ शकत नाही.

‘कमी’ म्हणजे किती, हेसुद्धा स्थिर नाही. २००० साली दिल्लीतील निरोगी लोकांच्या तपासणीत, डॉक्टर आणि परिचारिकांतसुद्धा, फार खालचे आकडे आले आणि सगळा देश एकदम ‘अभावग्रस्त’ झाला. अमेरिकेतील एका संस्थेने वीस नॅनोग्रॅमची रेषा पुरेशी मानली, अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये तीसची ओढली आणि २०२४ मध्ये तो आकडा मागे घेऊन, धडधाकट माणसांची ही तपासणी सरसकट करू नये असे सुचवले. आपल्याकडे मात्र तपासणीच्या ‘पॅकेजा’त हा आकडा ठळक येतो आणि औषधाच्या दुकानातून साठ हजारांची पुडी चिठ्ठीशिवायही मिळते. आठवड्याची पुडी रोज घेतली गेली आणि तसेच चालू राहिले तर रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. इतक्या स्वस्त आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूबाबत हे कोणाला खरे वाटत नाही.

रोह्याच्या आईला आता आठवड्यातून एकदा घ्यायच्या आमवाताच्या गोळ्या आहेत, आणि ड जीवनसत्त्वही आहे, मोजून. दाह आटोक्यात आला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी साडेदहा-अकराला त्या परसात खुर्ची टाकून, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे बसतात. आंब्याची सावली सरकत आली की खुर्ची सरकवावी लागते. ती त्यांना स्वतःला उचलता येत नाही, म्हणून कोणालातरी हाक मारतात. शेजारणींना पहिल्यांदा हे विचित्र वाटले. भर उन्हात कशाला बसायचे, चक्कर येईल, काळ्या पडाल.

हा लेख लिहायचे ठरल्यावर आम्ही त्यांना त्यांच्या सासूबाईंविषयी विचारले. त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या होत्या आणि नंतरची चाळीसेक वर्षे बहुतेक माजघरात आणि स्वयंपाकघरात गेली. शेवटी भिंतीला धरून चालत, मग बसूनच सरकत. घरात सगळे म्हणत, आजीला वाताने धरलंय. निरगुडीचा शेक चालायचा, नारायण तेल चालायचे. तो वात होता की आणखी काही, हे आता कोण सांगणार? ‘सांधे सुजलेले मी कधी पाहिले नाहीत,’ आई म्हणाल्या, ‘हाडं दुखतात म्हणायच्या. मांडीला हात लावू द्यायच्या नाहीत.’ मग जरा वेळाने, ‘उन्हात त्या फक्त श्रावणात आदित्यराणूबाईला पाणी घालायला यायच्या, वृंदावनापर्यंत. तेव्हा ऊन असायचं कुठे म्हणा.’

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि खुर्ची पडवीत आली.